चुड्याखालची शीर

थेंब पडायचा थांबला. बाटली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली, नळीचं चाक पूर्ण उघडं, नळीला कुठे पीळ नाही, सुईही जागेवर, आणि तरी थेंब कप्प्याच्या तोंडाशी येऊन नुसता लोंबत राहिला. दिपाने नळीला दोनदा टिचकी मारली. रोजच्या कामात अशी टिचकी ती न बघताच मारायची. सलाईन अडणं ही काही बातमी नव्हती. पण आज टिचकी मारल्यावर नळीत खालून रक्त वर चढायला लागलं, बोटभर चढलं आणि थांबलं, आणि ते रक्त तिच्या आईचं होतं. तिला एकदम तहान लागली. झालं ते एवढंच. आपण इथे सिस्टर म्हणून उभ्या आहोत की मुलगी म्हणून, हे क्षणभर कळेना. मग हात आपोआप कामाला लागले. हातांना असले प्रश्न पडत नाहीत.

खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर बेबीबाई डोळे मिटून पडली होती. भर दुपारी सेवामामाने तिला जीपने आणून दवाखान्याच्या दारात उतरवलं, तेव्हा दिपा ओपीडीत कुणाचा तरी ताप मोजत होती. हिंगोली जिल्हा झाल्यावर गावात जे नवे दवाखाने निघाले त्यातलाच हा एक, वर डॉक्टरांचं घर, खाली दहा खाटा. बाहेर कुणीतरी म्हणालं, तांड्याची बाई आली, हात पार गेलाय. दिपाने मान वर केली नाही. तांड्याच्या बायका रोज येतात. मग मामाचा आवाज ऐकू आला. आठवड्यामागे सोयाबीनच्या मळणीला हडंब्यात पेंढी सारताना आईचा उजवा हात ओढला गेला होता. हात वाचला, पण त्या हातातला सगळा चुडा मशीनने फोडला आणि त्याचे तुकडे मनगटापासून दंडापर्यंत मांसात शिरले. तांड्यात त्यावर हळद-चुना लावून लुगड्याच्या फडक्याने बांधून टाकलं, आणि बाई दुसऱ्या दिवशी शेळ्या घेऊन रानात गेली. आता फडकं सोडलं तर वास खोलीभर पसरला. हात खांद्यापर्यंत तांबडालाल, अंगात ताप मावत नव्हता, नाडी बोटाखाली लागे न लागे. हे सगळं झालं आणि मला निरोप नाही, असं दिपा म्हणाली नाही. निरोप न धाडणं ही त्या घरची जुनी रीत होती.

उजव्या हाताला सुई लावायचा प्रश्नच नव्हता. जखमेच्या हाताला हात लावायचा नाही, सुजेवर टोचायचं नाही, पू आहे त्याच्या आसपास फिरकायचंसुद्धा नाही, जखमेपासून लांबची, मोकळी, सरळ शीर बघायची. हे परभणीला नर्सिंगच्या वर्गात ट्यूटरबाईंनी घोकून घेतलं होतं, एका रबरी हातावर. पोरी त्या हाताला पाव्हणा म्हणायच्या. पाव्हण्याच्या शिरा निळ्या रंगाने रंगवलेल्या होत्या आणि त्यात लाल पाणी फिरायचं. जागा निवडणं म्हणजे काय हे दिपाने त्या हातावर शिकून घेतलं. पण त्या रबरी हातात बांगडी नव्हती. रबरी हाताला नवरा नसतो, सासर नसतं, तांडा नसतो. त्या मलबारी ट्यूटरबाईंना कुणी विचारलं असतं की एका हाताला जखम आहे आणि दुसऱ्या हाताला मालक आहे, तर सुई कुठे लावायची, तर त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं असतं.

आईच्या डाव्या हातात कोपरापासून थेट काखेपर्यंत चुडा होता. तांड्यात त्याला बलिया म्हणतात. लग्नात भरायच्या आणि नवरा मेला की उतरवायच्या, मधे कधी नाही. काही जुन्या हाडाच्या, पिवळ्या पडलेल्या, काही नंतर भरलेल्या प्लॅस्टिकच्या, एकीला एक चिकटून. एरवी त्या हातावर सैल खुळखुळायच्या. आता तापाने आणि सुजेने सगळं अंगच भरून आलं होतं, आणि चुडा दंडात असा रुतला होता की त्याच्या खालचा हात वेगळाच, कुणा जाड बाईचा वाटत होता. आपण शीर फुगवायला पट्टा बांधतो आणि सुई गेली की सोडतो. इथे पट्टा पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधला होता आणि सोडायचं कुणाला सुचलं नव्हतं. वरून आवळलेलं, म्हणून खाली मनगटाजवळ लावलेल्या सुईतून सलाईन जाईना, उलट रक्तच नळीत येई. उजव्या पायाची शीर दिपाने आधीच बघितली होती, सुई टेकताच ती फुटली आणि घोट्यावर निळं टेंगूळ आलं. डावा पाय पण बघितला. म्हणजे चादर सरकवून नजर टाकली होती.

डॉक्टर आले, त्यांनी चुड्याखाली बोट घालायचा प्रयत्न केला, बोट गेलं नाही. ते तरुण होते, ओपीडीत माणसं ताटकळली होती आणि सकाळपासून त्यांचा चहा झाला नव्हता. "हे काढा आधी. आत्ताच्या आत्ता. ही औषधं रक्तात गेली नाहीत तर हाताचं सोडा, बाई जाईल," ते म्हणाले. मग दिपाकडे बघून आवाज जरा खाली आणला. "नाहीतर नांदेडला हलवा. पण एवढ्या बीपीवर नांदेडपर्यंत... तुम्ही सिस्टर आहात, मी काय सांगू." ते गेले. मामाला त्यांनी इंजेक्शनं आणायला बाजारात पिटाळलं होतं. खाटेपाशी दिपा आणि आई दोघीच उरल्या.

"याडी," दिपा म्हणाली, "चुडा काढावा लागतो."

आईने डोळे उघडले. घरात बोलतात ती बोली दोघींची गोरमाटी, बंजाऱ्यांची, पण दवाखान्यात पाऊल टाकल्यापासून बेबीबाई तिच्याशी मराठीत बोलत होती. परक्या माणसाशी बोलतात तसं, जपून.

"न्हाई निघायचा."

"हात बघ तुझा, कसा फुगून राहिला. सलाईन जात नाही खाली."

"मग दुसरीकडं टोच. एवढं शिकलीस, दुसरी जागा न्हाई सापडत?"

"याडी, मरशील."

"मरंन. भरल्या हातानं मरंन." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "उजव्या हाताचा मशीननं फोडला, त्यो माह्या माथी न्हाई. ह्यो मी फोडला तर माह्या माथी. माहा माणूस जिता हाय."

माहा माणूस. दिपाला हसूच आलं, तोंडात कडू आलं तसं. हा माणूस, धर्मसिंग, दिपा चौथीत असताना घरातून गेला. लांब कुठे मुंबईला, पुण्याला, ऊस तोडायला गेला असता तर त्याला जाणं तरी म्हणता आलं असतं. तो सेनगावला गेला. तांड्यापासून जीपने तासाभराच्या आत. तिथे दुसरी बाई केली, तिच्या भावाच्या भागीत काळी-पिवळी जीप घेतली आणि सेनगाव-हिंगोली पॅसिंजर मारायला लागला. तांड्यातलं कुणीही कधीही त्याच्या जीपमध्ये बसून यायचं आणि पारावर सांगायचं, धर्मसिंगनं नवी टेप बसवली, धर्मसिंगच्या काचेवर लिंबू-मिरची, धर्मसिंगला पोरगा झाला. बेबीबाई ऐकायची आणि चूल फुंकायची. एखादा मेला तर माणूस रडून मोकळा होतो. एखादा हरवला तर वाट बघायची सोय असते. हा मेलाही नव्हता आणि हरवलाही नव्हता, रोज सकाळी फाट्यावरून हॉर्न वाजवत जायचा, आणि त्याच्या आयुष्यासाठी ही बाई दर शिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या रांगेत उपाशी उभी राहायची. लहान दिपा तिच्या कडेला चिकटून, चुड्यावर गाल टेकून. चुडा उन्हाने तापलेला असायचा. देवाजवळ काय मागितलंस म्हणून तिने एकदा विचारलं, तेव्हा आई म्हणाली होती, चुडा शाबूत राहू दे म्हणलं. तेव्हा दिपाला वाटलं, आईला बांगड्यांचा शौक आहे.

दिपाने आपल्या लग्नात बलिया भरल्या नाहीत. नर्सला हात कोपरापर्यंत धुवावे लागतात, असं तिने सांगितलं आणि नवरा प्रेमदास मास्तर असल्यामुळे त्याने मान डोलावली. एक-एक बांगडी, तीही ड्यूटीवर येताना पर्समध्ये. तांड्यातल्या बायकांनी तेव्हा तोंडाला पदर लावले. आई काही बोलली नाही, पण मांडवात दिवसभर आपला भरलेला हात सगळ्यांना दिसेल असा बाहेर ठेवून बसली. आलेला प्रत्येक माणूस त्या हाताकडे बघायचा आणि मग नवरीच्या बापाची जागा रिकामी आहे तिकडे बघायचा. दिपाला तेव्हा आईचा राग आला होता. बापाचा नाही, आईचा. आताही तोच येत होता. मरायला टेकली आहे आणि अंगावर मिरवते आहे काय, तर एका ड्रायव्हरचं आयुष्य.

आणि तो दिवस. त्याला तो दिवस आठवतही नसेल. ती परभणीला शेवटच्या वर्षाला होती, सुटीवर आलेली, हिंगोलीच्या स्टँडवर सेनगावच्या जीपमध्ये बसली. गर्दी होती, मागच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन, डोक्यावर ओढणी, डोळ्यांवर चष्मा. जीप चालू झाली आणि आरशात त्याचे डोळे दिसले. तिला लगेच कळलं. भुवयांच्या मधे तीच आठी, जी तिच्याही कपाळावर आहे. ती पूर्ण रस्ता आरशात बघत बसली. एकदा त्याने पण पाहिलं, नीट पाहिलं, आणि तिने पिशवी घट्ट धरली. आता गाडी थांबवेल, तिला वाटलं. काहीतरी म्हणेल. त्याने तोंडातली तंबाखू बाहेर थुंकली आणि मान न वळवता विचारलं, "कुठं उतरायचं, ताई?" तिने फाट्याचं नाव सांगितलं. तो तिच्याच तांड्याचा फाटा होता, त्याच्याही. तो म्हणाला, बरं. फाट्यावर उतरल्यावर ती धुळीत उभी राहिली आणि जीप पुसेगावकडच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. त्या वळणावर रस्त्याच्या कडेला खोल नाली आहे. दिपाने तिथे उभ्या उभ्या ती जीप नालीत घातली. चाकं वर, टेप चालूच, लिंबू-मिरची कुठेतरी उडालेली. नंतर कितीतरी वेळा घातली. ड्यूटीवर, बसमध्ये, स्वयंपाक करताना, कुणी बाप हा शब्द काढला की. दर वेळी काहीतरी नवं सुचायचं, कोण बघायला जमलं, अंगावरचा शर्ट कोणत्या रंगाचा. एवढं घोटलेलं दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं, नर्सिंगचा अभ्याससुद्धा नाही.

म्हणून खोटं जुळवावं लागलं नाही. तयारच होतं.

"याडी," ती म्हणाली. आवाज सिस्टरचाच निघाला, नातेवाइकांना सांगताना निघतो तसा, सपाट. "बा गेला."

आईने मान तिच्याकडे वळवली.

"पुसेगावच्या वळणावर जीप उलटली. नालीत. जागीच गेला. तुला ताप आहे म्हणून कोणी सांगितलं नाही."

बेबीबाईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. खिडकीबाहेर कुणीतरी रिक्षा चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होईना. दिपाला वाटलं, ऐकलंच नाही हिने. परत सांगावं लागलं तर आपल्याला सांगता येणार नाही.

"कवा?" आईने विचारलं.

"सकाळी."

"आज सकाळी?"

"हो. आज."

आई छताकडे बघू लागली. तिची नजर छतावर एका जागी बराच वेळ टेकून राहिली, आणि मग तिच्या तोंडाच्या कोपऱ्याला जरासं काहीतरी झालं. रडण्याच्या आधीचं असेल. ताप असेल. मग तिने तो सुजलेला डावा हात खाटेवरून उचलला, जड वस्तू उचलतात तसा, आणि दिपाच्या पुढे धरला.

"तू नको," ती म्हणाली. "तू लग्नाची हायेस. रांडव बाई बोलाव."

दवाखान्यात नर्मदाबाई होती, फरशी पुसणारी, पांढऱ्या कपाळाची. तिला बोलावलं. तिने ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला, कारण रीतच तशी, आणि मग प्लास्टर कापायच्या आरीचं पान घेऊन खाटेवर बसली. प्लॅस्टिकच्या बांगड्या पटापट तुटल्या. हाडाच्या तुटेनात. पान त्यांच्यावर किर्र किर्र करत राहिलं आणि पांढरा भुसा चादरीवर पडत राहिला आणि दातांना कळ येईल असा एक वास सुटला. दिपा हात धरून होती. नर्मदाबाई प्रत्येक बांगडीला काहीतरी पुटपुटत होती. आईला दुखतंय का म्हणून दिपाने विचारलं तर तिने मान हलवली, आणि ती हो होती की नाही ते कळलं नाही. शेवटची बांगडी काखेजवळची, सगळ्यात जुनी. ती तुटली तेव्हा हाताने स्वतःच एक मोठा श्वास घेतला असं वाटलं. आवळलेल्या मांसात रक्त परतताना दिसलं.

चुड्याखालची कातडी दिपाने कधीच पाहिली नव्हती. बाकी हात उन्हाने रापलेला, भेगाळलेला, गोंदलेला, आणि कोपरापासून वर एकदम गोरी, मऊ, नितळ कातडी, बांगड्यांचे वळ उमटलेली. तेवढा भाग लग्नाच्या वयाचाच राहिला होता. सोळा वर्षांच्या पोरीचा दंड. आणि त्यावर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, हिरवी सरळ शीर. बोटाने दाबली तर दबून परत वर येणारी. पाव्हण्याच्या रंगवलेल्या शिरेसारखी. इतकी चांगली शीर दिपाला महिन्यात मिळाली नव्हती. खालच्या सुईत तोवर रक्त गोठलं होतं, ती तिने काढून टाकली, वर बीटाडीन लावलं, वाळू दिलं, कातडी खालून ताणली आणि सुई आत सरकवली. आई दचकली नाही. कप्प्यात थेंब पडायला लागले. एक, मग एक, मग नुसती संततधार. दिपाने चिकटपट्टी लावली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झाला आहे. शीर सापडल्याचा नाही. त्या बांगड्यांचे तुकडे सुपात भरून नर्मदाबाई बाहेर नेत होती आणि दिपाला वाटत होतं, झालं, संपला एकदाचा. ही गोष्ट स्वतःपासून लपवण्यात काही अर्थ नव्हता. सुईसाठी जागा हवी होती हे खरं. पण ती जागा तिला कधीपासून हवी होती?

मामा इंजेक्शनं घेऊन आला, खाटेजवळ आला आणि तो उघडा हात बघून जागीच थांबला. नर्मदाबाईने त्याला कोपऱ्यात नेऊन हळहळत सांगितलं. मामाने दिपाकडे पाहिलं. तोंड उघडलं. दिपाने त्याच्याकडे अशी नजर रोखली की त्याने ते मिटलं. "कोण सांगितलं म्हणे तुला?" एवढंच तो नंतर दबक्या आवाजात बोलला, आणि दिपा म्हणाली, "मामा, तिला वाचवायचं होतं. तू गप बस." तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं, दोनदा तो तिच्यापाशी आला आणि दोनदा परत फिरला. दिवस मावळायच्या आत शेळ्यांचं निमित्त काढून तांड्याकडे निघून गेला. तो तिथे गप बसणार नाही हे दिपाला माहीत होतं. बसू नये असंही कुठेतरी वाटत होतं.

सकाळी ताप उतरला. डॉक्टरांनी जखम धुतली, पू काढला, हात राहील म्हणाले, आणि दिपाच्या पाठीवर थाप मारल्यासारखं करून थांबले. बेबीबाईने चहात बुडवून पाव खाल्ला. वॉर्डातल्या बायका तिच्याकडे बघून चुकचुकत होत्या. एकीने स्वतःच्या बांगड्या पदराखाली घेतल्या. आईने आता विचारलं असतं, माती कधी दिली, कोण कोण गेलं, त्या बाईने काय केलं, तर दिपाकडे सगळी उत्तरं होती. रंगासकट होती. पण आईने काही विचारलं नाही. हेच भयंकर होतं. आज ना उद्या तिला कळणार, रस्त्यावर हॉर्न वाजणार, आणि मग ती दिपाकडे कशी बघेल? नवरा जिवंत असताना पोटच्या पोरीने रांडव केलेली बाई. तांड्यात असलं काही कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यापेक्षा मेली असती तर बरं, असं आई म्हणेल. तेच म्हणेल. दिपाने तिची उशी सारखी केली, मग पुन्हा सारखी केली.

दहाच्या सुमारास धर्मसिंग आला. खाकी शर्ट, गळ्यात रुमाल, हातात पॉलिथीनची पिशवी. मागे मामा, मान खाली. दारात चपला न काढता तो तरातरा आत आला आणि खाटेच्या पायथ्याशी थांबला. बायको बांधलेला उजवा हात उशीवर ठेवून पडली होती. त्याने तिकडे पाहिलं नाही. त्याने डाव्या हाताकडे पाहिलं, त्या गोऱ्या उघड्या पट्ट्याकडे आणि त्यात घातलेल्या सुईकडे, आणि त्याचा चेहरा खरोखर पांढरा पडला.

"जित्या माणसाचा चुडा फोडला?" तो म्हणाला. "कोणाला इचारून फोडला?"

त्याने मागे वळून मामाकडे हात केला.

"काल सांच्याला ह्यानं सांगितलं तवापासून छातीत धडधड होऊन राहिली. झोप न्हाई, अन्न न्हाई. रस्त्यावरचा धंदा हाय माहा. लेकरं लहान हायत. उद्या काही झालं म्हंजी जिम्मेदार कोण?" त्याने पिशवीतून पांढऱ्याशुभ्र नव्या बांगड्यांचा जुडगा काढला, प्लॅस्टिकच्या, बाजारातून आणलेल्या, अजून दोऱ्यात ओवलेल्या. "हे भर. आत्ताच्या आत्ता भर. सुई काढ म्हणावं तिची."

दिपा सुईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांनी बाप बोलत होता आणि काय बोलत होता, तर हे. हाताचं काय झालं, ताप किती आहे, जगेल का, काही नाही. तिला वाटलं आता आई रडेल, आता त्याच्या पायाशी हात नेईल, म्हणेल, नागनाथानं राखलं तुमाला. या क्षणासाठीच तर ती रांगेत उभी राहत होती. दिपाने दात घट्ट मिटले आणि वाट बघितली.

बेबीबाईने त्याच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, चपलांपर्यंत, घाई न करता. मग मान वळवली.

"सिस्टर," ती दिपाला म्हणाली, "ह्यो माणूस कोण? बायकांच्या वार्डात आला कसा?"

"बेबी, येडी झालीस का? मी..."

"माहा माणूस काल गेला," बेबीबाई वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलली. "पुसेगावच्या वळणावर जीप उलटली. माह्या लेकीनं सांगितलं. ती खोटं बोलत न्हाई."

धर्मसिंगने दिपाकडे पाहिलं. या खेपेला त्याने ओळखलं. तीच आठी, तिच्याही कपाळावर. त्याचे ओठ हलले, आणि तो काय हाक मारणार आहे हे दिपाला ऐकायचंच नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली, "बाहेर थांबा. पेशंटला तकलीफ होते."

त्याने बांगड्या स्टुलावर टाकल्या, जोरात, दोन घरंगळून खाटेखाली गेल्या, आणि तो बाहेर पडला. मामा त्याच्या मागे. रस्त्यावर जीप चालू झाल्याचा आवाज आला, आणि टेपचा. बायका कुजबुजत राहिल्या. दिपाने हात एप्रनच्या खिशात घातले.

"याडी," ती खाली वाकून म्हणाली, "मी काल तुला..."

"ठाव हाय." आता आई आपल्या बोलीत बोलत होती, हळू, फक्त दोघींपुरतं. "तू सांगत व्हतीस तवाच ठाव व्हतं."

"कसं?"

"मला इथं कोणी आणलं, सेवानं सांगितलं न्हाई? फाट्यावर दुसरी गाडी मिळंना. त्याचीच जीप आली. मला पुढं बसवलं, त्याच्या शेजारी. हाताचा वास येऊन राहिला तर मागचे लोक नाकाला फडकं लावून बसले. वाटभर एक शब्द बोलला न्हाई. मी म्हणलं, लोक हायत म्हणून बोलत नसंल. गेटपाशी आणलं. आता तरी उतरंल, आत येईल. म्हणला," आणि ती थांबली, आणि तिने त्याचा आवाज काढला नाही, आपल्याच आवाजात सांगितलं, "म्हणला, उतरा मावशी, दवाखाना आला."

दिपाला तो बाक, तो आरसा आणि धूळ दिसली. आपल्याला वाटत होतं ते आपल्याला एकटीलाच मिळालं.

"तू म्हणलीस मेला. मी म्हणलं, व्हय. गेटपाशीच मेला." आई छताकडे बघत होती. "आपल्या तोंडानं कसं म्हणायचं? कोणीतरी म्हणायला पायजे व्हतं. इतकी सालं कोणी म्हणलं न्हाई. तू बी न्हाई."

म्हणजे एवढं सोपं होतं. म्हणजे चौथीतल्या पोरीनेही सांगितलं असतं तर चाललं असतं. दिपाने त्या वळणावर जीप एवढ्या वेळा उलटवली आणि ती कधी कुणाला सांगितली नाही, आणि ही बाई इकडे हात पुढे करून बसलेली.

"ते उचल," आई स्टुलाकडे हनुवटी करून म्हणाली. "सेनगावला धाडून दे. त्या बाईला लागतील. तिचा माणूस जिता हाय."

दिपाने बांगड्या गोळा केल्या, खाटेखालच्याही. वर उठली तेव्हा आई कुशीवर व्हायचा प्रयत्न करत होती.

"ह्या हाताला थंडी वाजून राहिली," ती म्हणाली. "उघडा पडला. काही टाक त्याच्यावर."

दिपाने आपला तळवा त्या गोऱ्या दंडावर ठेवला, सुईपासून जरा लांब.

"तुहा हात बी गारच हाय. चादर दे."

दवाखान्याच्या चादरी आखूड असतात. दिपाने ती खालून ओढून आईच्या दंडावर घातली, खांद्यापर्यंत नेली, नळी मोकळी ठेवली. खाली डावा पाय उघडा पडला. घोट्याजवळून वर पायावर एक शीर गेलेली होती, जाड, सरळ, कुणालाही दिसेल अशी. सलाईनने भरली असेल. काल नसणार एवढी. दिपा तिच्याकडे बघत उभी राहिली, मग तिने वाकून चादर खाली ओढली, पाय झाकला, आणि वर आईचा हात पुन्हा उघडा पडला.